कॉलिन कॅपर्निक आणि एनएफएल यांच्यातली तडजोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलिन कॅपर्निकने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगशी केलेल्या तडजोडीला बरीच वर्षं झाली, तरी तिच्याबद्दलचे प्रश्न येणं थांबलेलं नाही. काही प्रश्न सॅन होजे, सांता क्लारा भागात राहणाऱ्या मराठी वाचकांचे असतात. त्यांच्या घराजवळच्याच मैदानात हे सगळं सुरू झालं. बरेचसे प्रश्न मात्र फक्त तो गुडघा टेकलेला फोटो पाहिलेल्यांचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर.

१. थोडक्यात सांगा, झालं काय?

२०१६ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहिला नाही. कृष्णवर्णीयांवर होणारे पोलिसी अत्याचार आणि वंशभेद यांविरुद्धचा तो निषेध होता. मार्च २०१७ मध्ये तो संघाच्या करारातून मोकळा झाला आणि त्यानंतर ३२ पैकी एकाही संघाने त्याला घेतलं नाही. १५ ऑक्टोबर २०१७ ला त्याने लीगविरुद्ध तक्रार दाखल केली: मालकांनी संगनमत करून मला बाहेर ठेवलं आहे. १५ फेब्रुवारी २०१९ ला दोन्ही बाजूंनी एक छोटं संयुक्त निवेदन काढलं. तक्रार मिटली आहे, अटी गोपनीय आहेत, यापुढे कोणी काही बोलणार नाही, एवढाच त्याचा मजकूर. त्याच दिवशी त्याचा सहकारी एरिक रीड याचीही तक्रार मिटली (प्रश्न ११).

२. तो खरंच एवढा चांगला खेळाडू होता का? फॉर्म गेला म्हणून बाहेर बसला असेल.

२०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या निवडीत, तो दुसऱ्या फेरीत, ३६ व्या क्रमांकावर घेतला गेला. जानेवारी २०१३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने स्वतः चेंडू घेऊन धावत १८१ यार्ड काढले. क्वार्टरबॅकसाठी तो एका सामन्यातला विक्रम होता. त्याच हंगामात संघ सुपर बोलपर्यंत गेला आणि बॉल्टिमोर रेव्हन्सकडून ३४-३१ असा हरला. पुढे दुखापती झाल्या, प्रशिक्षक बदलत गेले, संघाची रया गेली.

२०१६ मध्ये संघाने १६ पैकी फक्त २ सामने जिंकले. कॅपर्निकने सुरुवातीपासून खेळलेल्या ११ सामन्यांपैकी तर एकच. त्याच्या स्वतःच्या पासिंगची आकडेवारी मात्र १६ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि ४ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) अशी होती, आणि ती मोडीत काढण्यासारखी नाही. तो तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तम दहांत होता असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक संघ दोन-तीन क्वार्टरबॅक बाळगतो. म्हणजे पाऊणशेहून जास्त जागा. त्यातल्या एकाही जागेला तो लायक नव्हता, हे मला पटत नाही. सीॲटल सीहॉक्सने मे २०१७ मध्ये त्याला भेटायला बोलावलं होतं. त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरल भेटीनंतर म्हणाले होते की तो या लीगमध्ये पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक म्हणून खेळू शकतो, पण आमच्याकडे तसा एक आहेच.

फक्त "तो चांगला खेळतो आणि तरी कोणी घेत नाही" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. का, ते प्रश्न ६ मध्ये.

३. पण राष्ट्रगीताला गुडघा टेकणं हा देशाचा अपमान नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा रागाने येतो. क्रम नीट पाहू. जुलै २०१६ मध्ये अल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील हे दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि दोन्ही घटनांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहू लागला. २६ ऑगस्टला सांता क्लाराच्या लिव्हाइज स्टेडियममधल्या सामन्यात ते पत्रकारांच्या नजरेस आलं. कृष्णवर्णीयांवर जुलूम करणाऱ्या देशाच्या झेंड्यासाठी मी अभिमानाने उभा राहणार नाही, असं त्याने स्पष्टच सांगितलं.

यानंतर नेट बॉयर त्याला भेटला. बॉयर अमेरिकन लष्कराच्या विशेष दलातला माजी सैनिक आणि काही काळ फुटबॉलपटूही. बसण्याऐवजी एक गुडघा टेक, सैनिक आपल्या पडलेल्या सोबत्याच्या कबरीपुढे तसंच करतात, असं त्याने सुचवलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोतल्या सामन्यात कॅपर्निकने गुडघा टेकला. शेजारी एरिक रीडने टेकला आणि बॉयर बाजूला छातीवर हात ठेवून उभा राहिला.

एवढं समजून घेऊनही कोणाला ते खटकू शकतं. पण अपमान करायचा म्हणून शोधलेली कृती ती नव्हती. अपमान वाटू नये म्हणून एका सैनिकाच्या सल्ल्याने बदललेली कृती होती. तडजोडीपुरतं बोलायचं तर ती योग्य की अयोग्य हा मुद्दा लवादापुढे नव्हताच. मुद्दा एकच होता: ३२ धंद्यांनी मिळून एका माणसाची रोजी बंद केली का?

४. फोर्टीनाइनर्सनी त्याला निषेधामुळे काढून टाकलं, बरोबर ना?

नाही. करारात राहायचं की बाहेर पडायचं हे ठरवण्याचा हक्क कॅपर्निककडे होता आणि मार्च २०१७ मध्ये त्याने तो वापरला. संघाचे नवे जनरल मॅनेजर जॉन लिंच यांनी नंतर सांगितलं की तो राहिला असता तरी आम्ही त्याला मोकळं करणार होतोच, कारण दीड कोटी डॉलरच्या आसपासचा पगार नव्या आखणीत बसत नव्हता. तेव्हा "काढलं" हेही पूर्ण खरं नाही आणि "स्वतःहून सोडलं" हेही नाही. तक्रार या संघाने मोकळं करण्याबद्दल नव्हतीच. ती त्यानंतर बाकीच्यांनी दार न उघडण्याबद्दल होती.

५. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य एवढं पवित्र मानतात. मग तो सरळ कोर्टात का गेला नाही?

अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नाही. सरकारी शाळेतल्या मुलाला झेंड्याला वंदन करायची सक्ती करता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ च्या बार्नेट खटल्यात सांगितलं. पण एनएफएलचे संघ खासगी आहेत. ग्रीन बे पॅकर्सचे मालक गावोगावचे हजारो भागधारक आहेत, पण तोही सरकारी संघ नव्हे.

एनएफएलच्या तेव्हाच्या नियमपुस्तिकेत एक बारकावा होता. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मैदानावर हजर असलंच पाहिजे, असं बंधन होतं. उभं राहण्याबद्दल मात्र "राहावं" अशी अपेक्षा होती, सक्ती नव्हती. म्हणून २०१६ मध्ये त्याला लीगने दंडही केला नाही.

दुसरं म्हणजे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार असतो. कामगार संघटना आणि कंपनी यांच्यात होतो तसाच. खेळाडूंचे बहुतेक वाद त्या करारातून नेमलेल्या लवादापुढे जातात. संगनमताची तक्रारही तिथेच करायची असते.

६. "संगनमत" म्हणजे नेमकं काय? सगळ्यांनीच घेतलं नाही, यातच ते आलं नाही का?

सगळ्या गोंधळाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०११ च्या सामूहिक करारातलं १७ वं कलम सांगतं की कोणत्याही संघाने दुसऱ्या संघाशी किंवा खुद्द लीगशी उघड वा गर्भित समजूत करून एखाद्या खेळाडूशी बोलणी करणं, त्याला प्रस्ताव देणं, त्याला करारबद्ध करणं यावर बंधन घालून घेऊ नये. "गर्भित" हा शब्द खेळाडूच्या बाजूने आहे, सहीशिक्क्याचा कागद सापडायलाच हवा असं नाही. "खुद्द लीगशी" हाही. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातून एका संघाला सूचना गेली आणि त्याने ती मानली, तरी ते संगनमतच.

पण त्याच कलमात खेळाडूच्या विरुद्ध जाणारी तरतूदही आहे. संघांनी प्रस्ताव दिला नाही एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. प्रस्ताव दिला नाही आणि खेळाडू गुणवान होता, हे दोन्ही मिळूनही होत नाही. तिसरं काहीतरी लागतं: संदेश, बैठक, फोन, साक्ष. पुराव्याचं पारडं नुसतं झुकून चालत नाही, ते स्पष्टपणे झुकलेलं दिसावं लागतं. आणि त्या समजुतीमुळेच आर्थिक नुकसान झालं हेही दाखवावं लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. समजा ३२ मालकांनी आपापल्या खोलीत बसून स्वतंत्रपणे ठरवलं की हा माणूस आला तर प्रेक्षक चिडतील, जाहिरातदार पळतील, नको ती कटकट. तर या कलमाचा भंग होत नाही. भित्रेपणा, धंद्याची गणितं, राजकीय मतभेद यांतलं काहीच त्या कलमाखाली बेकायदा नाही. एकमेकांशी ठरवणं बेकायदा आहे. "त्याला अन्यायाने बाहेर ठेवलं" आणि "त्याने संगनमत सिद्ध केलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य मला खरं वाटतं. दुसऱ्याचा निकाल कधी लागलाच नाही.

७. मग त्याच्याकडे तिसरं काय होतं? काही पुरावा बाहेर आला का?

लवादापुढचं काम बंद दाराआड चाललं. बाहेर आलं ते तुकड्यातुकड्यांनी. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल, डॅलसचे मालक जेरी जोन्स, न्यू इंग्लंडचे रॉबर्ट क्राफ्ट अशा बड्या मंडळींच्या शपथेवर जबान्या झाल्या.

दोन गोष्टींची जास्त चर्चा झाली. एक, डोनाल्ड ट्रम्प यांचा दबाव. मार्च २०१७ मध्ये लुईव्हिलच्या सभेत ट्रम्प यांनी फुशारकीने सांगितलं की माझं ट्वीट नको म्हणून मालक कॅपर्निकला घेत नाहीत. सप्टेंबरमध्ये हंट्सव्हिलच्या सभेत तर गुडघा टेकणाऱ्यांना हाकलून द्या असं त्यांनी शिवी घालून म्हटलं, आणि दोनच दिवसांनी शेकडो खेळाडूंनी गुडघे टेकले किंवा हातात हात गुंफले. जोन्स यांच्या जबानीत ट्रम्प यांच्याशी या विषयावर झालेल्या फोनचा उल्लेख होता, असं वृत्त मे २०१८ मध्ये आलं. दोन, ऑक्टोबर २०१७ मधल्या मालक आणि खेळाडूंच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण. ते पुढल्या एप्रिलमध्ये वृत्तपत्राच्या हाती लागलं. राष्ट्राध्यक्ष आता काय बोलतील याची मालकांना किती धास्ती होती, हे त्यात ऐकू येतं.

धास्ती दिसते, समजूत दिसत नाही. जे लोकांसमोर आलं त्यावरून तरी असंच म्हणावं लागतं. लवादाने याहून खूप जास्त पाहिलं होतं, आणि म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

८. ऑगस्ट २०१८ मध्ये तो जिंकला होता ना?

जिंकला नव्हता, पण हरलाही नव्हता, आणि या प्रकरणात तेच फार मोठं होतं. तक्रारीत दम नाही, सुनावणी न घेताच ती निकाली काढा, अशी लीगची मागणी होती. लवाद होते स्टीफन बरबँक, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी ही मागणी फेटाळली. ३० ऑगस्टला ते जाहीर झालं. म्हणजे जबान्या आणि कागद पाहिल्यावर त्यांचं मत पडलं की पूर्ण सुनावणी घ्यावी इतका मजकूर इथे आहे.

प्रश्न ६ मधली उंच पायरी लक्षात घ्या, मग या निर्णयाचं वजन कळेल. ज्याचा कोणत्याच बाजूशी हितसंबंध नाही अशा माणसाने सगळा पुरावा पाहून काही म्हटलं, असा हा एकमेव क्षण आहे. माझ्या मते तडजोडीची रक्कम किती यापेक्षा ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

९. शेवटी किती पैसे मिळाले?

अधिकृत आकडा नाही. तडजोड झाली त्या आठवड्यात सहा कोटी, आठ कोटी डॉलर असे आकडे फिरत होते. मार्च २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने वृत्त दिलं की कॅपर्निक आणि रीड या दोघांना मिळून १ कोटी डॉलरपेक्षा कमी रक्कम मिळाली. तेव्हाच्या दराने सुमारे ७० कोटी रुपये, तेही दोघांत आणि वकिलांची फी धरून की वगळून हे स्पष्ट नसताना.

प्रश्न ४ मधला कॅपर्निकचा एका वर्षाचा पगार शेजारी ठेवून पाहा. वृत्त बरोबर असेल तर गमावलेल्या कारकिर्दीची ती भरपाई होऊ शकत नाही. पण लीगने उगाच द्यावी इतकी ती किरकोळही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते दोन्ही बाजूंना लागू पडलं: त्याच्या समर्थकांना मोठा विजय मानायची मोकळीक राहिली आणि लीगला काहीच न बोलण्याची.

१०. पैसे दिले म्हणजे लीगने गुन्हा कबूल केला, असंच ना?

नाही. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, तिकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही. खटल्याचा खर्च, वाईट प्रसिद्धी, मालकांना साक्षीसाठी बसवण्याची नामुष्की हे टाळायलाही पैसे दिले जातात. इथे आणखी एक धोका होता: संगनमत सिद्ध झालं असतं तर झालेलं नुकसान तर भरावं लागलं असतंच, शिवाय दंड म्हणून वरची रक्कमही. आणि २०२० च्या हंगामानंतर संपणाऱ्या सामूहिक कराराच्या नव्या वाटाघाटी तोंडावर होत्या. अशा वेळी संगनमताचा ठपका घेऊन खेळाडूंच्या संघटनेसमोर बसणं लीगला परवडलं नसतं.

उलट बाजूने, "त्याने तडजोड केली म्हणजे त्याच्याकडे पुरावा नव्हता" हेही तितकंच पोकळ आहे. निकाल विरुद्ध गेला असता तर त्याला एक डॉलरही मिळाला नसता. लवादाने दार उघडं ठेवल्यावर आणि अंतिम सुनावणी जवळ आल्यावर दोन्हीकडची जोखीम सर्वांत जास्त होती. तडजोडी अशाच टप्प्यावर होतात.

तो विकला गेला असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो: तक्रारीच्या आधीच त्याने १० लाख डॉलर वेगवेगळ्या तळागाळातल्या संस्थांना देण्याचं जाहीर केलं होतं आणि जानेवारी २०१८ पर्यंत ते पूर्ण केलं. ज्याला पैसाच हवा होता त्याला २०१६ मध्ये उभं राहणं फार सोपं होतं.

११. एरिक रीडला तर संघ मिळाला होता. मग त्याची तक्रार कशी उरली?

छान प्रश्न. रीड बचावफळीतला सेफ्टी, २०१३ च्या निवडीत पहिल्या फेरीतला. २०१७ च्या हंगामानंतर त्याचा करार संपला, कोणी बोलावेना, म्हणून मे २०१८ मध्ये त्यानेही तक्रार केली. सप्टेंबरच्या शेवटी, हंगाम सुरू झाल्यावर, कॅरोलिना पँथर्सनी त्याला घेतलं. तिथेही तो गुडघा टेकत राहिला.

नोकरी मिळाल्यावर पुढचं नुकसान थांबतं, मागचं पुसलं जात नाही. उन्हाळाभर बाजारातून बाहेर राहिल्याने त्याला कमी पैशांवर, उशिरा सही करावी लागली, असा दावा उरतोच. तडजोडीच्या त्याच आठवड्यात पँथर्सनी त्याचा करार तीन वर्षांनी वाढवला. मार्च २०२० मध्ये त्यांनी त्याला सोडलं आणि त्यानंतर तो एनएफएलमध्ये खेळला नाही.

१२. पुन्हा कधी खेळणार नाही, अशी अट तडजोडीत होती का?

अटी गोपनीय आहेत, पण घडलेल्या गोष्टी उलट दिशेला बोट दाखवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये लीगनेच त्याच्यासाठी अटलांटाजवळ चाचणी ठरवली आणि सगळ्या संघांना आमंत्रण दिलं. खेळायची बंदी असती तर हे कशाला?

ती चाचणी मात्र फिसकटली, आणि कारण थेट तडजोडीशी नातं सांगणारं आहे. दुखापत झाल्यास जबाबदारी आमची नाही, अशा स्वरूपाचा कागद लीगने सहीसाठी दिला. हा नेहमीचाच कागद आहे, असं लीगचं म्हणणं. यात नोकरीविषयीचे पुढचे दावेही सोडून दिले जातील, असं कॅपर्निकच्या वकिलांचं म्हणणं. जुनी तक्रार मिटवताना जुने दावे संपतात. पण तडजोडीनंतर पुन्हा कोणी संगनमत केलं तर तो नवा दावा होऊ शकतो. तोच हक्क या कागदाने जाईल अशी त्यांना भीती होती. कॅमेरे आत येऊ द्यायचे का यावरूनही वाजलं. शेवटी १६ नोव्हेंबरला कॅपर्निकने ऐनवेळी जागा बदलून रिव्हरडेल गावातल्या शाळेच्या मैदानावर सराव करून दाखवला. पंचवीसेक संघ येणार होते, तिथवर आठच पोचले.

मे २०२२ मध्ये लास व्हेगस रेडर्सनी त्याची चाचणी घेतली. करार झाला नाही.

१३. २०२० मध्ये लीगने माफी मागितली होती ना? मग तडजोड पुन्हा उघडता येत नाही?

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, ५ जून २०२० ला, गुडेल यांनी चित्रफितीतून सांगितलं की आम्ही आधीच खेळाडूंचं ऐकायला हवं होतं, ते न ऐकणं चुकलं. त्या चित्रफितीत कॅपर्निकचं नाव नव्हतं. मला ते तेव्हाही खुपलं होतं, आजही खुपतं.

कायद्याच्या दृष्टीने याचा परिणाम शून्य. "ऐकलं नाही" ही संगनमताची कबुली नाही, आणि सही झालेली तडजोड नंतरच्या पश्चात्तापाने उघडत नाही. फसवणूक करून सही घेतली असं काही सिद्ध झालं तरच तो मार्ग असतो.

१४. खेळाडूंच्या संघटनेला रक्कम माहीत नाही, असं वाचलं. संघटना त्याच्या बाजूने नव्हती का?

तक्रार त्याने स्वतःच्या वकिलांमार्फत, मार्क गेरागोस यांच्यामार्फत केली होती. करार तशी मुभा देतो. संघटनेने पाठिंबा दिला, पण तडजोडीचा तपशील आपल्याला ठाऊक नाही, असं तिने त्याच दिवशी सांगितलं. ८.९ कोटी डॉलरच्या सामाजिक निधीचा २०१७ चा समझोता वेगळा: तो लीग आणि प्लेयर्स कोअलिशन या खेळाडूंच्या गटातला. रीडने त्यावर नाराज होऊन तो गट सोडला होता.

१५. नायकेची जाहिरात या तडजोडीचा भाग होती का?

नाही. सप्टेंबर २०१८ ची ती मोहीम नायके आणि कॅपर्निक यांच्यातला स्वतंत्र व्यवहार. नायके एनएफएलचा गणवेश पुरवते, त्यामुळे ही गल्लत होते.

१६. खेळाडूने अशी तक्रार करून जिंकल्याचं उदाहरण आहे का?

सर्वांत मोठं उदाहरण बेसबॉलचं. १९८५ ते १९८७ या काळात मालकांनी एकमेकांचे मोकळे झालेले खेळाडू घ्यायचे नाहीत असं ठरवून टाकलं होतं. लवादांनी ते संगनमत ठरवलं आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर मिटलं. तिथे खेळाडू अनेक होते, म्हणून बाजारच गोठलेला आकड्यांत दिसला. एकट्या माणसाला ते दाखवणं महाकठीण. बेसबॉलमधलाच विक्रमवीर बॅरी बाँड्स याला २००७ नंतर कोणी घेतलं नाही. त्याने संगनमताची तक्रार केली आणि २०१५ मध्ये तो हरला.

निषेधाशी जोडलेली उदाहरणं बास्केटबॉलमध्ये आहेत. शिकागो बुल्सचा क्रेग हॉजेस १९९२ नंतर संघाविना राहिला. राजकीय मतांमुळे मला वाळीत टाकलं, म्हणून त्याने १९९६ मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगवर दावा लावला, पण मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून तो फेटाळला गेला. आरोप खरा की खोटा यावर सुनावणीच झाली नाही. त्याच १९९६ साली डेन्व्हरचा महमूद अब्दुल-रऊफ राष्ट्रगीताला उभा राहात नाही म्हणून एनबीएने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केलं. मग तोड निघाली: त्याने उभं राहावं, पण मान खाली घालून प्रार्थना करावी. या रांगेत कॅपर्निक निषेधाच्या प्रकरणात लीगला पैसे मोजायला लावणारा म्हणून वेगळा उठून दिसतो.

१७. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. अमेरिकेत तसा काही नाही का?

आपला २०१६ चा कायदा जातपंचायत किंवा समाजातल्या मंडळींनी आपल्याच समाजातल्या व्यक्तीवर किंवा कुटुंबावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. व्यावसायिक लीगमधल्या नोकरीसाठी तो बनवलेला नाही, तेव्हा तुलना फार ताणू नये.

अमेरिकेत धंद्यातल्या संगनमतासाठी मक्तेदारीविरोधी कायदे आहेत. पण संघटनेशी सामूहिक वाटाघाटी चालतात तिथे त्या कायद्यांना बरीच सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एनएफएलच्याच ब्राउन खटल्यात ती आणखी पक्की केली. त्यामुळे खेळाडूचा सारा भर करारातल्या कलमावर येतो.

१८. आयपीएलमध्ये मालकांनी ठरवून एखाद्याला घेतलं नाही तर?

हा संशय आपण एकदा अनुभवला आहे. १९ जानेवारी २०१० ला मुंबईत झालेल्या लिलावात पाकिस्तानचे ११ खेळाडू यादीत होते. काही महिन्यांपूर्वीच त्यांचा देश टी-ट्वेंटीचा विश्वविजेता झाला होता. एकावरही बोली लागली नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं असा आरोप झाला, संघांनी नाकारला, आणि प्रकरण तिथेच थांबलं.

थांबलं, कारण पुढे न्यायला जागाच नव्हती. भारतात खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची बीसीसीआयशी सामूहिक करार करणारी संघटना नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्त खेळाडूंची आहे. १७ व्या कलमासारखं कलम नाही, बरबँक यांच्यासारखा लवाद नाही. स्पर्धा आयोगाकडे जाता येतं, २०१३ मध्ये त्याने बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड केलाही होता, पण तो लीगच्या मक्तेदारीवरून, कोणा खेळाडूच्या तक्रारीवरून नव्हे. कॅपर्निकला मिळालं ते कमी वाटत असेल, तर आपल्या खेळाडूकडे तेवढ्याचीही वाट नाही हे विसरू नये.

१९. भारतात कोणी राष्ट्रगीताला गुडघा टेकला तर गुन्हा होईल?

१९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती मुद्दाम राष्ट्रगीत गाऊ न देण्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात अडथळा आणण्याला. शांतपणे वेगळ्या मुद्रेत राहणं त्यात थेट बसत नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. ती मुलं धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहात होती. "उभी राहात होती" याला त्या निकालात वजन आहे, त्यामुळे गुडघा टेकणाऱ्याला त्याचं पूर्ण संरक्षण मिळेलच असं म्हणता येत नाही. शिवाय इथे शिक्षा कायद्याआधी गर्दीकडून होण्याची भीती जास्त. चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं असताना न उठलेल्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ती सक्ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये मागे घेतली.

२०. त्या जबान्या आणि कागदपत्रं कधी लोकांसमोर येतील का?

कोर्टातला खटला असता तर निदान काही कागद सार्वजनिक नोंदीत राहिले असते आणि पत्रकारांना ते मागता आले असते. लवाद खासगी, त्यावर गोपनीयतेची सही. माहितीच्या अधिकारासारखा कायदाही खासगी लीगला लागू नाही. दोन्ही पक्षांनी मिळून संमती दिली तरच ते रीतसर उघडू शकतं, किंवा दुसऱ्या एखाद्या खटल्यात न्यायालयाने मागवलं तर. एरवी प्रश्न ७ मध्ये सांगितलं तसे तुकडे फुटतात, तेवढेच.

या तडजोडीबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. रकमेवर बोलायचा हक्क त्याचा होता, आणि त्याने केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मालकांनी शपथेवर काय सांगितलं हे त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला उपयोगी पडलं असतं. पुढच्या तक्रारदाराला पुन्हा कोऱ्या कागदापासून, प्रश्न ६ मधल्या त्याच उंच पायरीपासून सुरुवात करावी लागेल.